आमचे हे आणि शेवटचा भाग

देव प्रत्येकाला काहीतरी एक देतोच. कुणाला गळा, कुणाला रस्त्यालगतची जमीन, कुणाला कंपनीत पर्मनंटची नोकरी. पूनमला त्यानं जे दिलं होतं ते चारचौघांत सांगायला जरा अडचणीचं होतं. मालिकेत पुढं कोण मरणार, हे तिला आधीच कळायचं.

याला कुणी अंतर्ज्ञान म्हणू नये. त्यामागं अभ्यास होता. ‘धुक्याचं राज्य’ नावाची एक परदेशी मालिका हिंदीत करून मोबाईलवर येत असे. तिच्यात डोंगरावरून एक धुकं उतरायचं आणि गावंच्या गावं गिळायचं, पंखवाले लांडगे होते, काचेचे बुरूज होते, आणि माणसं तर बागेत पोपट शिरल्यावर पेरू संपावेत तशी भराभर संपत. पूनमनं पहिल्यापासून बघून नियम बसवले होते. जो शिपाई ‘एवढी लढाई झाली की गावाकडं जाणार’ म्हणतो, तो त्याच भागात जातो. ज्याला अचानक आई आठवते, तो पुढच्या भागात. आणि जो जन्मभर कपाळाला आठ्या घालून वावरला आणि आज एकदम हसला, त्याला लिहिणाऱ्यानं कधीच खर्ची टाकलेलं असतं. फक्त आपल्याला कळवायचं राहिलेलं असतं.

हे नियम इतके पक्के होते की एकदा तिचा नवरा समाधान शिफ्टला निघताना हसून म्हणाला, “सुट्टी भेटली की गावाकडं जाऊन येऊ, आईची लई आठवण येलालीय,” तेव्हा पूनमनं त्याला दारातच थांबवलं. तिनं त्याच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः लावला, पुन्हा सोडून पुन्हा लावला, आणि तो चाकणला पोचल्याचा फोन येईपर्यंत कुकर चढवला नाही.

चिखलीत कांद्याचं शेत होतं तिथं आता ‘अर्जुनकृपा’ नावाची इमारत उभी आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर समाधान, पूनम आणि त्यांची तान्ही ओवी भाड्यानं राहत. खाली मालक अर्जुनराव आणि त्यांच्या मंडळी शालनबाई. पूनमचं माहेर-सासर दोन्ही लातूरकडं. इथं हाक मारावी असं माणूस नव्हतं. ओवी मांडीवर घेतली की रडायची आणि खाली ठेवली की जास्त रडायची. एका दुपारी शालनबाई गुडघे धरत धरत जिना चढून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “आण हिकडं ते लेकरू. आन् तू त्वांड धू.”

त्यांनी ओवीला खाली आपल्या मागच्या ओसरीत नेलं, पाय लांब केले, ओवीला नडग्यांवर निजवलं आणि पाय हलवायला लागल्या. कुंपणापलीकडं पत्र्याचं एक वर्कशॉप होतं. तिथली प्रेस मशीन दिवसभर धप्प... धप्प करायची. त्या धप्पशी शालनबाईंचे पाय बरोबर मिळाले. ओवी झोपली. तिला बघता बघता पूनमही भिंतीला टेकून झोपली, आणि जागी झाली तेव्हा अंगावर कुणीतरी लुगडं पांघरलेलं होतं.

तेव्हापासून दुपारचा तो तास ठरूनच गेला. कडुलिंबाच्या सावलीत धूळसुद्धा सावकाश खाली यायची. पूनम एका कानात इअरफोन घालून मालिका बघायची आणि शालनबाईंना मराठीत सांगत जायची. सांगता सांगता तिला कधीकधी वाटायचं, धुकं त्या राज्यात नाही, इथंच कुंपणापर्यंत आलंय, आणि या ओसरीला तेवढं गिळायचं विसरलंय. त्या तासाला ती मनातल्या मनात माहेर म्हणायची. शालनबाईंना बोलून दाखवलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, “मग भाडं कशापायी देतीस?” म्हणून बोलली नव्हती.

आता त्या परदेशी नावांचं काय करायचं? शालनबाईंनी पहिल्याच दिवशी हात झटकले. “आसली नावं माझ्या दातात अडाकत्यात,” म्हणाल्या आणि स्वतःच बारसं केलं. दुधात विष कालवणारी जी चेटकीण होती ती सोजराबाई, कारण मोशीला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या जावेचं नाव सोजराबाई होतं. राजकन्या म्हणजे पोरगी. तिचा आळशी भाऊ म्हणजे पोरगा. आणि धुक्याच्या दरवाजाची किल्ली कमरेला लावून दिवसभर खुर्चीत बसणारा, कुणाला किल्ली न देणारा, कपाळाला कायम आठ्या असलेला जो म्हातारा राजा, तो म्हणजे...

“त्यो तर आमचे हे,” शालनबाई म्हणाल्या.

आणि खरंच, पाण्याच्या टाकीची चावी कमरेला लावून अर्जुनराव अंगणातल्या खुर्चीत बसलेले असायचे.

इथं एक खुलासा केला पाहिजे. शालनबाईंनी नवऱ्याचं नाव लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. मतदार यादीवाला दारात येऊन “मालकांचं नाव?” विचारू लागला तेव्हा त्यांनी त्याला हाताला धरून रस्त्यावर नेलं होतं आणि इमारतीवरची पाटी दाखवली होती. तेव्हा नवरा तो ‘हे’ आणि राजाही ‘हे’. ओसरीत कधी घोटाळा झाला नाही. घोटाळा व्हायला ओसरीबाहेरचे कान लागतात.

ओसरीबाहेरचा एक कान मात्र आतलाच होता. दुसऱ्या मजल्यावर आम्रपाली राहायची, दवाखान्यात नर्स. ती जाता-येता बसमध्ये मालिका बघायची. या तिघींचा मोबाईलवर एक ग्रुप होता, ‘कोण जाणार?’ त्यात प्रत्येक भागाआधी तिघी आपापला अंदाज टाकायच्या. पूनम नियमांवरून सांगायची, आम्रपाली रक्त किती गेलं त्यावरून, आणि शालनबाई चेहऱ्यावरून. पूनमचा अंदाज आजवर चुकला नव्हता. घरात मीठ कमी पडलं तरी ते तिच्या लक्षात राहत नसे, पण या एका बाबतीत ती वाघ होती, आणि माणसाला कशात तरी वाघ असावंच लागतं.

शेवटचा भाग गुरुवारी येणार होता. त्याआधीच्या भागात सोजराबाईनं राजाला दूध दिलं होतं आणि तो ते निम्मं प्याला होता. म्हणजे सोमवारच्या दुपारी जो अंदाज टाकायचा तो मालिकेतला सगळ्यात मोठा अंदाज होता.

“काकू, तुम्हीच बोला,” पूनम म्हणाली. तिचे हात ओवीच्या मालिशच्या तेलानं माखले होते. मोबाईल चटईवर होता. तेवढ्यात वरून इमारतीच्या मोठ्या ग्रुपवरचा, टाकी धुण्याबद्दलचा मेसेज घसरत आला आणि त्याच्यावर ओवीची टाच पडली. तो मोठा ग्रुपच उघडला. पूनमनं न बघताच करंगळीनं माईक दाबून धरला, आणि शालनबाई सावकाश, सुस्कारे टाकत बोलल्या.

“आमचे हे काय आता ऱ्हात न्हाईत बघ. मला तर परवाच त्यांचा चेहरा उतारल्यावानी वाटला व्हता. त्या सोजरीनं दुधात काय कालवलं ते त्या गरिबाला कळलंच न्हाई. जाऊ दे. लई सोसलं त्यांनी. सुटले म्हणायचं. आता गादीवर पोरगी बसंल, आन् पोराला भोपळा.”

“छान!” म्हणून पूनमनं करंगळी उचलली, ओवी झोपेल म्हणून मोबाईल सायलेंट करून पालथा घातला, आणि धप्प... धप्पच्या तालावर तिघी झोपल्या. ओवी पायांवर, शालनबाई बसल्या बसल्या, पूनम भिंतीशी.

बाहेर मात्र जग जागं होतं.

तळमजल्यावरचे लक्ष्मणराव म्हणजे कंपनीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि मोठ्या ग्रुपचे प्रमुख. रोज सकाळी सूर्यफुलाचं चित्र टाकायचं आणि कुणी उत्तर दिलं नाही तर जिन्यात गाठून विचारायचं, हा त्यांचा उद्योग. त्यांनी मेसेज ऐकला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा ऐकला. मग मालकांना फोन लावला. फोन उचलला जात नव्हता.

“उचलत नाहीत,” त्यांची बायको काळजीनं म्हणाली.

“आता कसे उचलतील?” लक्ष्मणराव म्हणाले आणि त्यांनी ग्रुपवर ‘ॐ शांती’ टाकलं.

अर्जुनराव फोन उचलत नव्हते याचं कारण एवढंच की ते पहाटेच आपले बैल घेऊन खेडकडच्या एका गावात शर्यतीला गेले होते आणि फोन टेम्पोच्या खणात रुमालात बांधून ठेवला होता. गुलालानं खराब होतो म्हणून.

‘ॐ शांती’खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. तरीही एखादा शंकेखोर विचारणार होताच, ‘नक्की का?’ पण तेवढ्यात दवाखान्यातून आम्रपालीचा मेसेज आला. तिनं कामाच्या घाईत कुठल्या ग्रुपवर आहोत हे पाहिलंच नाही. तिनं लिहिलं होतं, ‘मलाही तेच वाटलं होतं. विष यकृतात उतरलं की माणूस वाचत नाही.’ खुद्द नर्सनं सांगितल्यावर बोलणंच खुंटलं.

मुलगा ओंकार चाकणला कंपन्यांना कामगार पुरवायचा. त्यानं आईचा मेसेज गाडीतच ऐकला. पहिल्यांदा वडिलांसाठी, डोळ्यांत पाणी आणून. दुसऱ्यांदा शेवटच्या वाक्यासाठी. मग डोळे पुसून त्यानं सांगवीला दिलेल्या बहिणीला फोन केला, “ताई, आईनं तुला काय सांगितलंय? खरं बोल.” चाकणच्या चौकात ट्रॅफिक असं तुंबलं होतं की शोक करायला भरपूर वेळ होता आणि पुढं सरकायला वाव नव्हता. म्हणून त्यानं जे काही करायचं ते फोनवर केलं. मोशीच्या काकूला जाब विचारला, मित्रांना सांगितलं, मित्रांनी मांडववाल्याला, मांडववाल्यानं फ्लेक्सवाल्याला.

पूनमला जाग आली ती रडण्यानं. तिला वाटलं, ओवी. पण ओवी शांत होती. ओसरीच्या पायरीवर एक बाई छाती पिटत उभी होती आणि मधे मधे रडणं थांबवून खडसावत होती.

“भावजीऽऽ! असं कसं वो सोडून गेलात! आन् अगं आक्का, माझ्यावर आळ? परवा आले व्हते, तवा म्या चा दिला व्हता! चा! दूध व्हतं कुठं घरात? म्हशीला इचार!”

शालनबाईंनी डोळे चोळले. “कोण गेलं गं सोजरे?”

“आता मलाच इचारतीस? तुझे हे!”

शालनबाईंचे पाय थांबले. उठावं तर पायांवर लेकरू. त्यांनी दोन्ही हात ओवीवर ठेवले, ती जणू वाऱ्यानं उडून जाईल, आणि कुंपणापलीकडं बघत एवढंच म्हणाल्या, “सकाळी न्याहारी बी न करता गेले.”

प्रेस मशीन धप्प करत होती आणि ते पाय हलत नव्हते. पूनमनं आजवर धुक्याच्या राज्यात कितीतरी बायकांना ही बातमी कळताना पाहिली होती. त्या किंचाळायच्या, तलवार उचलायच्या, पाऊस पडायचा. न्याहारीबद्दल कुणी बोललं नव्हतं. काय झालं असेल म्हणून तिनं मोबाईल सरळ केला, मेसेज पाहिले, वर वर सरकवत मुळाशी पोचली, आणि तिथं तिला काकूंचा अंदाज मोठ्या ग्रुपवर पडलेला सापडला.

“काकू! अहो हे नाही गेले! आपले ते हे! दुधवाले!”

समजूत पटायला थोडा वेळ गेला. पटल्यावर शालनबाईंनी सोजराबाईंना एक, पूनमला एक आणि स्वतःच्या कपाळाला एक चापट मारली. मग पदरानं डोळे कोरडे केले, मोबाईल तोंडाशी धरला आणि मोठ्या ग्रुपवर ठणकावून सांगितलं, “आमचे हे गेले न्हाईत. हायती. संध्याकाळी येतील आन् भाकर खातील.”

लगेच लक्ष्मणरावांचं उत्तर आलं. ‘काकूंना जबर धक्का बसला आहे. महिलांनी त्यांच्याजवळ थांबावे.’

पूनमनं स्वतः लिहून पाहिलं, की हे म्हणजे ते हे नव्हेत, हे मालिकेतले. वाचून तिला स्वतःलाच ते वेड लागल्यासारखं वाटलं. आम्रपालीला फोन लावला तर ती ओरडली, “अगं मग नाव घेऊन सांगायला लाव ना! अर्जुनराव जिवंत आहेत, एवढे तीन शब्द!”

“काकू, तीन शब्द,” पूनम विनवून म्हणाली.

“दोन म्हणते,” शालनबाई म्हणाल्या. “पयला मागू नगं.”

तोवर पुढच्या अंगणात मांडव पडला होता. खुर्च्या आल्या होत्या. फाटकावर फ्लेक्स चढला होता. फ्लेक्सवाल्याकडं अर्जुनरावांच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स तयारच होता. घाईत त्यानं निम्माच मजकूर बदलला. काळा गॉगल घातलेल्या अर्जुनरावांच्या फोटोखाली सोनेरी अक्षरांत होतं, ‘अर्जुनराव यांना वाढदिवसाची भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि शेजारी वडिलांच्या फोटोपेक्षा मोठ्या फोटोत ओंकार शोकाकुल हसत होता. कुठल्याशा मंडळाचा स्वर्गरथ येऊन उभा राहिला होता. पूनम एकेकाला जाऊन सांगत होती आणि एकेक जण तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत होता, “रडून घे, बाळा.”

उन्हं कलता कलता कोपऱ्यावर एक टेम्पो थांबला. बैल आधी गोठ्यात गेले. मग अर्जुनराव आले, डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं लाल, कारण जोडी फायनलला पहिली आली होती. लांबून त्यांना मांडव आणि पांढरे कपडे दिसले. आपल्या दारात मयत आणि आपण गुलालात, याची त्यांना लाज वाटली. टॉवेलानं तोंड झाकून ते गुपचूप शेवटच्या खुर्चीवर, लक्ष्मणरावांच्या शेजारी बसले.

“कोण गेलं?” त्यांनी हळूच विचारलं.

लक्ष्मणरावांनी मान न वळवता डोळे पुसले. “मालक.”

“कंचे मालक?”

“आपलेच. अर्जुनराव.”

शेजारी टॉवेल आणखी वर ओढला गेला. मग, “कशानं?”

“घरगुती बाब आहे. दूध.”

“माणूस कसा व्हता?”

“चांगला होता हो. मनानं चांगला. फक्त टाकीची चावी कमरेला बांधून फिरायचा. आंघोळीला साबण लावून बसलं की पाणी बंद. आता सुटलो बिचा... सुटले बिचारे.”

“चावी हाय अजून,” शेजारून आवाज आला आणि चावी खुळखुळली.

लक्ष्मणरावांनी वळून बघितलं. टॉवेलातून एक रक्तासारखा लाल चेहरा त्यांच्याकडं बघत होता. लक्ष्मणराव खुर्चीसकट सावकाश आडवे झाले. स्वर्गरथाचा ड्रायव्हर अनुभवी होता. त्यानं लगेच मागचं दार उघडलं.

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. लक्ष्मणराव पाणी मारल्यावर उठले. ते टाकीचंच पाणी होतं आणि मालकांनी स्वतः सोडलं होतं. ड्रायव्हर मात्र जायला तयार होईना. “फेरी झाली, रजिस्टरात सही लागते,” म्हणाला. “मयताचं नाव भरलंय. खोडता येत नाही.” शेवटी मयतानं स्वतः सही केली तेव्हा तो गेला.

मग पूनमकडून मालिकेतल्या किल्लीवाल्या राजाची सगळी हकीकत ऐकून अर्जुनराव खुर्चीत बसले आणि म्हणाले, “लावा ते काय बोललीय ती.”

मेसेज लावला गेला. सगळं अंगण ऐकत होतं. ‘पोराला भोपळा’पाशी ओंकार खाली बघू लागला.

“मी सुटलो म्हणतीस?” अर्जुनरावांनी विचारलं.

“तुमी न्हाई ओ. हे.”

“हे म्हंजी मीच की!”

“तुमी न्हाई, ते हे.”

“अगं पर त्या ह्याला हे का म्हणतीस?”

शालनबाईंनी त्यांच्या कमरेच्या चावीकडं बघितलं. अर्जुनरावांना तेवढ्यात समजलं. मेल्याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं. शर्यत जिंकलेला माणूस एवढ्यातेवढ्यानं खचत नाही. पण बायकोला आपण कपाळाला आठ्या घालून खुर्चीत बसलेला, कुणाला काही न देणारा म्हातारा दिसतो, हे त्यांना भर मांडवात कळलं होतं. त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की भाडेकरू घाबरायचे.

“पूनम, उद्यापासनं लेकरू खाली आणायचं न्हाई. आन् ती मालिका माझ्या ओसरीवर दिसली, तर खोली बघायला लाग.”

शिफ्टवरून आलेला समाधान हेल्मेट हातात धरून फाटकातच उभा होता. “काका, चुकलं आमचं,” तो म्हणाला. “लेकरू हाय हो.”

“लेकरावर माझा राग न्हाई,” अर्जुनराव म्हणाले. “पर त्ये एकटं कुठं येतंय?”

दोन दुपारी तशाच गेल्या. पूनम रडली नाही. तिनं धुतलेले लंगोट पुन्हा धुतले, आणि आपला अपमान झालेला नसून आपणच मालिका सोडली आहे असं स्वतःला सांगितलं. ओवी तिच्या पायांवर झोपेना. पाय बरोबर लांब केले, ताल बरोबर धरला, तरी नाही. लेकराला नडग्यासुद्धा ओळखीच्या लागतात. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली ओसरीचा तुकडा दिसायचा. तिथं शालनबाई पाय लांब करून लसूण सोलत बसलेल्या असायच्या, आणि पायांवर काही नसतानाही त्यांचे पाय धप्पशी हलत राहायचे. पूनमनं एकदा बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

गुरुवार उजाडला. शेवटचा भाग सकाळीच आला होता. पूनमनं उघडला नाही. एकटीनं काय बघायचा? दुपारी, गुरुवारी जाते तशी, लाईट गेली. प्रेस मशीन थांबली. सगळीकडं इतकी शांतता पसरली की पलीकडच्या आळीतला कोंबडासुद्धा ओशाळून गप्प झाला, आणि त्या शांततेत ओवीनं जो सूर लावला तो लावलाच.

दारावर थाप पडली. बाहेर अर्जुनराव. जिना चढून धाप लागली होती. आत यावं की नाही या विचारात ते पायरीवरच टेकले.

“मालिका आली का?” त्यांनी जिन्याच्या कठड्याला विचारलं.

“आली, काका. मी नाही बघितली.”

“टपरीवर मला राजे म्हणायला लागलेत. ‘काय राजे, गुरुवारी हायसा का जाताय?’ झोप न्हाई मला.” ते जरा थांबले. “मरतो का त्यो?”

पूनम खोटं बोलू शकली असती. पण विद्येशी प्रतारणा कशी करायची? “माझा अंदाज तर तसाच आहे.”

“तुझा अंदाज चुकतो का?”

“अजून तरी नाही.”

अर्जुनरावांनी टोपी काढली, घातली. मग उठले. “खाली चल. त्ये लेकरू बी घे. घरात कुणी जेवंना झालंय.”

ओसरीत मोबाईल लोटीला टेकवून उभा केला. शालनबाईंनी काही न विचारता पाय लांब केले, ओवीला घेतलं आणि तिच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाल्या, “वाळली गं माझी बाय.” अर्जुनराव भिंतीला टेकून बसले. पूनम सांगू लागली. धुकं उतरत होतं, बुरुजांच्या काचा एकेक करून पांढऱ्या पडत होत्या, राजा पलंगावर होता आणि पोरगी किल्ली मागत होती.

“देऊ नगं,” अर्जुनराव राजाला म्हणाले. “किल्ली दिली की कुणी इचारत न्हाई.”

“द्या वो,” शालनबाई म्हणाल्या, आणि त्या कोणत्या ह्यांना म्हणाल्या ते समजलं नाही.

ऊन पायरीपाशी येऊन थांबलं होतं. रेंज कमी, चित्र अडखळत पुढं जायचं. दोन दिवसांची झोप राहिलेल्या अर्जुनरावांची मान हळूहळू खांद्यावर आली आणि ते घोरू लागले. घर्र... घर्र. चांगलं एका तालात. शालनबाईंचे पाय नकळत त्या तालावर चालू लागले, आणि मशीन बंद असताना कधी न झोपणारी ओवी जांभई देऊन झोपली. पूनमचेही डोळे जड झाले. तिला वाटलं, धुकं आता खरंच कुंपण ओलांडून आलंय आणि आपल्याला अजिबात भीती वाटत नाहीये.

पडद्यावर राजानं पोरीकडं बघितलं, त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि तो हसला.

‘संपला,’ पूनमच्या मनात आलं.

नेमकं तेव्हाच ओसरीतलं घोरणं थांबलं.

शालनबाईंचे पाय थबकले. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. मान खांद्यावर, तोंड उघडं, टोपी सरकलेली. “अहो,” त्या म्हणाल्या. काही नाही. “अहो!” कडुलिंबाचं एक पान त्यांच्या धोतरावर पडलं आणि तिथंच राहिलं. शालनबाईंनी हात लांब केला, पोचेना, पायांवर लेकरू.

“अर्जुनराव!”

ती हाक कुंपणाला लागून परत आली. आत तांब्याचं झाकणसुद्धा थरथरलं असावं. पूनम मोबाईल विसरून बघत राहिली.

अर्जुनरावांनी एक डोळा उघडला.

“काय म्हणलीस?”

“काय न्हाई.”

“न्हाई कसं? नाव घेतलंस.”

“कुणी घेतलं? झोपा गुमान.”

“उखान्याबिगर घेतलंस! पूनम, तू ऐकलंस का न्हाई?” आणि अर्जुनराव हसले. आठ्या घालून घालून झिजलेलं ते कपाळ साफ सपाट झालं. पूनमला आपला नियम आठवला. पण तिनं स्वतःला बजावलं, की ते नियम धुक्याच्या राज्यातले आहेत, चिखलीला लागू नाहीत.

शालनबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. त्या हसत होत्या की डोळे पुसत होत्या, ते त्यांच्या पायांवर झोपलेल्या ओवीलाच ठाऊक.

“त्या राजाचं काय झालं गं?” एकदम आठवून अर्जुनरावांनी विचारलं.

पूनमनं मोबाईलकडं बघितलं. पलंगावर पांढरी चादर ओढली जात होती आणि पोरीच्या मुठीत किल्ली होती. तिचा अंदाज बरोबर होता. सगळेच्या सगळे अंदाज, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न चुकता. तिनं मोबाईल उचलला आणि चटईवर पालथा घातला.

“वाचला, काका.”

“मग तुझा अंदाज?”

“चुकला.”

“चुकणारच,” अर्जुनराव खुशीत म्हणाले आणि पुन्हा भिंतीला टेकले. “लेकरू आणत जा रोज. हिचे पाय न्हाई तर मोकळंच हलत्यात.” कमरेची चावी टोचत असावी, त्यांनी ती सोडून लोटीशेजारी ठेवली आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात घर्र... घर्र सुरू झालं.

पूनमनं ग्रुपचं नाव नीट वाचलं, बोटांना तेल नाही हे बघितलं, पुन्हा नाव वाचलं, आणि मग लिहिलं, ‘माझा अंदाज चुकला. हे आहेत.’

आम्रपाली बसमध्ये होती. तिनं तडक लिहिलं, ‘काहीही! मी आत्ता पाहिलं, तोंडावरून चादर ओढली त्याच्या!’

पूनमनं मोबाईल ओसरीकडं वळवून एक फोटो काढला आणि पाठवला. भिंतीला टेकलेली टोपी, लांब केलेले पाय, त्यांच्यावर ओवी, लोटीशेजारी चावी.

मग उत्तर आलं.

‘बरं. हे आहेत.’